गाण्यातून मिडी मिळतं, पण त्या मेसेजमध्ये लिहिलंय तसं नाही

एक मेसेज खूप शेअर होतोय. त्यात म्हटलंय की कीबोर्ड शिकायची गरजच संपली, माईकमध्ये गा नाहीतर गिटार जोडा, सॉफ्टवेअर त्याचं लाइव्ह मिडी (म्हणजे वाद्याला द्यायच्या नोटांच्या सूचना) करतं, मग त्यावर बासरी लावा की सेलो, तुमचा गळा जसाच्या तसा उतरतो, आणि आवाज उशिरा आला तर कॉम्प्युटर जुना झालाय. हे वाचून लोक नवीन मशीन घ्यायला निघतात म्हणून लिहितोय.

आधी उशिराचंच बघू, कारण खरी चूक तिथे आहे. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर साधारण ८२ हर्ट्झचा, म्हणजे एक कंपन पूर्ण व्हायलाच १२ मिलिसेकंद लागतात. सूर ओळखायचा तर कंपन परत तसंच आलं हे दिसावं लागतं, म्हणजे कमीत कमी दोन कंपनं धरा, झाले २४. बेस गिटारला ४१ हर्ट्झ, तिथे जवळजवळ ४९. जे कंपन अजून झालंच नाही ते कुठला प्रोसेसर मोजणार? चांगल्या मशीनवर बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) लहान ठेवता येतो, तेवढा वेळ वाचतो, बाकीचा नाही. त्यापेक्षा एक सप्तक वर वाजवा आणि सॉफ्टवेअरमध्ये खाली आणा, फरक लगेच कळतो.

आता "गळा जसाच्या तसा". मिडी १९८३ सालचं, त्यात आवाज नसतोच, कुठला सूर (० ते १२७), किती जोरात, कधी सुरू, कधी बंद, असल्या सूचना असतात. तुम्ही 'आ' म्हणा की 'ई', नोट तीच. मींड मात्र येऊ शकते, पिच बेंडला (सूर वर-खाली सरकवायच्या सूचनेला) १६३८४ पायऱ्या आहेत, फक्त कन्व्हर्टर (आवाजाचं मिडी करणारं सॉफ्टवेअर) आणि सिंथ (मिडीवरून आवाज काढणारं वाद्य) दोन्हीकडे बेंडची रेंज सारखी लावा, बऱ्याच सिंथवर ती आधीपासून दोनच सेमीटोन (सेमीटोन म्हणजे कीबोर्डवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) असते आणि कन्व्हर्टर बारा धरून बसलेला असला की सगळं बेसूर होतं, लोक उगाच स्वतःच्या गळ्याला दोष देतात. शिवाय बेंड अख्ख्या चॅनलला, म्हणजे मिडीच्या त्या वाटेवरच्या सगळ्या नोटांना लागतो, एक तार ओढली की पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सरकते, म्हणूनच गिटारला प्रत्येक तारेसाठी वेगळा पिकअप (तारेचं कंपन पकडणारा भाग) आणि वेगळा चॅनल वापरतात.

"सूर कच्चा असला तरी चालतं" हेही त्यात आहे. उलट आहे हो! अर्ध्या सेमीटोनपेक्षा जास्त घसरलात की बेंड बंद असताना शेजारची नोट लागते, आणि आंदोलन मोठं असेल तर दोन नोटा टकटक करत राहतात. 'स', 'श' यांना तर सूरच नसतो, तिथे सॉफ्टवेअर काहीतरी भलतंच पकडतं. त्यामुळे शब्द सोडून 'ना ना' किंवा 'दा दा' गा, हेडफोन लावा, माईकवर रिव्हर्ब (घुमणारा इफेक्ट) नको.

रेकॉर्ड केलेल्या आवाजाची गोष्ट वेगळी, तिथे सॉफ्टवेअरला पुढचं मागचं सगळं ऐकता येतं. मेलोडाइन या सॉफ्टवेअरने २००८ मध्ये कॉर्डमधले सूर सुटे करून दाखवले, २०२२ मध्ये स्पॉटिफायचं बेसिक पिच हे रेकॉर्डिंगचं मिडी करणारं सॉफ्टवेअर फुकट आलं. सुचलेली चाल गाऊन उतरवून घ्यायला हे खरंच मस्त आहे, नोटा थोड्या हाताने साफ कराव्या लागतात एवढंच, पण हे लाइव्ह नाही, आणि तो मेसेज लाइव्हबद्दल बोलतोय.