सेकंडहँड स्क्रोल सॉ आणि दहाचं नाणं

सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की बेळगावात सल्ला द्यायला अख्खी गल्ली उभी राहते. एकजण इंजिनचा आवाज ऐकतो, एकजण टायरला लाथ मारून बघतो, आणि एकजण नुसता "केए बावीस हाय काय एमएच नऊ?" विचारून चहाला थांबतो. पण सेकंडहँड स्क्रोल सॉ, म्हणजे लाकडात जाळी-नक्षी कापायची मशीन, घ्यायचीय म्हटल्यावर तीच गल्ली गप्प. म्हणजे मिनिटभर गप्प. मग "प्लाय कापायचं कटर न्हवं? माझ्या मेव्हण्याकडं हाय की" असं सुरू होतं आणि तो मेव्हणा निघतो ग्रिल वेल्डिंगवाला.

मला ती पाहिजे होती गणपतीच्या मखरासाठी. थर्माकोलच्या वस्तूंवर कर्नाटकात २०१६ ला बंदी आली आणि महाराष्ट्रात २०१८ ला, त्यामुळं आम्हा सीमेवरच्या लोकांना पलीकडून गुपचूप आणायला दोन वर्षं जास्तीची मिळाली, सीमाभागात राहायचा फायदा काय तर एवढाच. नंतर मग साडीची झालर, कागदी फुलं, पुढच्या वर्षी परत तीच साडी. सासूबाई म्हणाल्या, बाप्पाला पण आता ती साडी पाठ झाली असेल. म्हटलं एकदाच काय ते प्लायच्या जाळीचं मखर करू, सुटं करून माळ्यावर टाकता येईल असं. सुतारकामाचा माझा अनुभव म्हणजे दोन फळ्या आणि एक स्टूल, पण हातातल्या फ्रेट सॉनं जाळी कापत बसले तर अनंत चतुर्दशी उजाडेल एवढा हिशोब मला येतो.

मशीन तशी साधी. प्रकार शिलाई मशीनचाच, सुईच्या जागी पाच इंची बारीक पातं, ते मिनिटाला चारशे ते सोळाशे वेळा खाली-वर नाचतं आणि आपण कापड सरकवावं तसं लाकूड सरकवत वळणं घ्यायची. बोट जायची भीती गोल चक्रीवाल्या टेबल सॉपेक्षा पुष्कळ कमी, हे मी घरात सगळ्यांना सांगितलं, नवऱ्यानं त्यातला "कमी" हा शब्द तेवढा पकडून ठेवला.

आता जाळीची गंमत अशी की आतली नक्षी कापायला बाहेरून पातं नेता येत नाही. आधी ड्रिलनं भोक पाडायचं, पातं वरच्या बाजूनं सोडवायचं, भोकातून ओवायचं, परत वर अडकवायचं, ताण द्यायचा, तो तुकडा कापायचा, परत सोडवायचं. मखराच्या एका बाजूला शंभर भोकं असली तर शंभर वेळा हे सोडा-बांधा. म्हणजे या मशीनमधे जीव कशात असेल तर वरच्या क्लॅम्पमधे. तो अंगठ्यानं फिरवून सुटतो का दर वेळी एलन की शोधायला लागते, आणि घट्ट केल्यावर पातं धरतो का मधेच "टण्ण" करून सोडून देतो. आणि हे सोडून विकणारी समस्त मंडळी एकच सांगतात, "वैनी, सोळा इंची हाय!"

ते सोळा इंच म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतची जागा, एवढा खोल तुकडा आत जातो, फिरवून घेतलात तर बत्तीस इंची गोलाच्या मध्यापर्यंत पोचता येतं. माझं मखर सगळं मिळून तीन फुटाचं आणि ते पण तुकड्यातुकड्यात. मला सोळा इंचाचं कौतुक नव्हतं, पण ऐकून घ्यावं लागतं, नाहीतर माणसं मशीन चालूच करून दाखवत नाहीत.

पहिली बघितली ती उद्यमबागेकडं एका जुन्या मशिनरीवाल्याच्या शेडमधे. मी आणि नवरा गेलो, तर तो माणूस पूर्ण वेळ नवऱ्याशी बोलत होता. नवऱ्याला खिळा ठोकायचा झाला तरी शेजारच्या काकांना बोलवावं लागतं, पण तो पण पठ्ठ्या गंभीर चेहऱ्यानं "आरपीएम किती?" असलं कायतर विचारत होता. मशीन चालू केली, प्लायचा तुकडा लावला, तर तुकडा जागेवर थयाथया नाचायला लागला. "जोर बगा की सर, किती हाय!" मी वाकून पात्याला बोट लावलं (बंद करून, हो). दात वरच्या दिशेनं. पातं उलटं बसवलं होतं. स्क्रोल सॉच्या पात्याचे दात खाली बघणारे पाहिजेत, म्हणजे खाली येताना कापतं आणि लाकूड टेबलाला दाबून धरतं, उलटं बसवलं तर दर झटक्याला लाकूड उचलून आपल्या तोंडावर. मी सांगितलं तर तो म्हणाला, "सर, मॅडमना ह्यातलं कळतंय वाटतं." सर म्हणाले, "व्हय, मीच शिकवलं."

बरं, पातं सुलटं करून पण उपयोग नव्हता, कारण ती पिनवाल्या पात्यांचीच मशीन होती. पात्याच्या दोन्ही टोकांना आडवी पिन असते, खोबणीत अडकवली की झालं, नवख्या माणसाला फार सोपं वाटतं. पण ती पिन ओवायची म्हणजे भोक चांगलं मोठं पाडायला लागतं, मग नाजूक जाळीच्या पाकळीत आधी बोगदा दिसतो आणि नंतर पाकळी. बिनपिनेचं पातं दीड मिलिमीटरच्या भोकातून पण जातं. दोन्ही चालणारी मशीन मिळाली तर उत्तम, नाहीतर जाळीवाल्यानं बिनपिनेचीच बघावी, बाकी कोण काय पण सांगूदे.

टिळकवाडीतल्या एका बंगल्यातली मशीन तर बघूनच मन बसलं. वीस इंची, अमेरिकेतून आलेली, मुलगा तिकडनं परत येताना सामानाबरोबर घेऊन आला आणि मग बेंगळूरला नोकरी लागून निघून गेला. आजींनी वर क्रोशाचा रुमाल घालून ठेवलेला. रुमाल बाजूला केला, मागं वाकून प्लेट वाचली, ११० व्होल्ट, ६० सायकल (म्हणजे हर्ट्झ). आपल्याकडं २३० आणि ५०. आजी म्हणाल्या, "त्येला एक डबा मिळतो म्हणे, लावला की चालतंय." डबा म्हणजे स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर. तो व्होल्ट उतरवतो, पण सायकल पन्नासच राहतात, मोटर इंडक्शनची असली तर हळू फिरते आणि तापते. शिवाय तो डबा ठेवायचा कुठं, आमच्या बाल्कनीत आधीच वॉशिंग मशीन आणि सासूबाईंची तुळस यांचा जागेवरून वाद चालू आहे. आजींना एवढं सगळं सांगण्यापेक्षा मी विचार करून सांगते म्हटलं. त्यांनी कुंदा दिला. कुंदा खाऊन नाही म्हणणं किती अवघड असतं ते बेळगावच्या माणसालाच माहीत.

मग गोकाक. गोकाक हे लाकडी खेळण्यांचं गाव, तिथं काहीतरी खात्रीचं मिळणार या आशेवर गेले, शिवाय तिथली मिठाई, करदंटू, आणायचाच होता. एका कारखान्यात ओतीव लोखंडाची, भरभक्कम मशीन. वजन असणं चांगलं, कारण पातं खाली-वर होताना सगळी मशीन थरथरते आणि हलक्या पत्र्याच्या टेबलावर रेघ धरणं म्हणजे बसमधे बसून सही करणं झालं. पण वरचा हात धरून मी आडवा हलवला, तर खटक-खटक. हात जिथं फिरतो तिथले आतले बुश झिजलेले. थोडं हलणं चालतं, पण इथं हात असा डुलत होता की पातं सरळ रेघेवर यायचं तर देवाची कृपा लागली असती. मालकाला विचारलं, "एष्टरी?" "हन्नेरडु साविर." बारा हजार. मी म्हटलं, "भाळ आतरी, कम्मी माड्री," म्हणजे फार झालं, कमी करा. तो मान हलवत "आगंगिल्लरी" म्हणाला, आणि माझे उच्चार ऐकून लगेच मराठीत आला, "अक्का, ह्याच्यापेक्षा कमी न्हाई व्हत, बुश काय, ग्रीस मारला की गप्प बसतंय." आमच्याकडं घासाघीस कानडीत सुरू होते, भांडण मराठीत होतं आणि शेवटी जीएसटी तेवढा इंग्रजीत लागतो. करदंटू घेऊन परत आले.

तोपर्यंत माझी तपासणी तयार झाली होती आणि तिच्यातलं मुख्य हत्यार म्हणजे दहाचं नाणं. आमच्या भागात ते कुणी घेत नाही, भाजीवाली घेत नाही, रिक्षावाला तर असं बघतो की जणू आपणच घरी पाडलंय. पर्समधे तशी बरीच साठलेली. मशीन चालू करायची, टेबलावर नाणं कडेवर उभं करायचं, आणि वेग वाढवत न्यायचं. पडलं नाही तर थरथर कमी. कमी वेगात उभं राहतं आणि मधल्या वेगात पडतं अशा पण मशिनी असतात, म्हणून सगळ्या वेगात बघायचं. दुसरं, पात्याला ताण देऊन बोटानं छेडायचं, तारेवर टिचकी मारल्यावर येतो तसा खणखणीत स्वर यायला पाहिजे, बद्द वाजलं तर ताण राहत नाही. तिसरं, जाड लाकडात थोडंसं कापायचं, तुकडा पात्याच्या मागच्या बाजूला नेऊन तीच खाच पात्यावर घालून बघायची, अलगद बसली तर टेबल आणि पातं काटकोनात. हे सगळं मी करत असताना विकणारे असे बघतात की मुलगी बघायला आलेल्यांनी मुलीचे दात मोजावेत.

शेवटी मिळाली ती सांबऱ्याकडच्या एका रिटायर्ड काकांकडं. गंजलेली नव्हती, पण दिसायला गरीबच, रंग उडालेला, धूळ फुंकायची रबरी नळी चिरलेली, लाकूड दाबून धरणारा पाय गायब. तो पाय तसा मीच काढून ठेवला असता, मधे मधे येतो आणि बरेच लोक काढूनच टाकतात. पण काकांनी कपाट उघडलं आणि मी तिथंच घेतली म्हणायची, आत काचेच्या नळ्यांमधे पाती, प्रत्येक नळीवर पट्टी चिकटवून नंबर, २, ५, ७, ९. नवख्यानं पाच नंबर वापरावा, मग बाकीचे. आमच्याकडं ही पाती दुकानात पटकन मिळत नाहीत, ऑनलाइन मागवायला लागतात. शहापुरात सोनाराकडची पाती मापानं बसतात म्हणून एकानं मला मोठ्या विश्वासानं सांगितलं होतं, बसतात पण, मात्र दात बारीक, धातूसाठीचे, लाकडात गेले की भुसा अडकतो आणि जळका वास सगळ्या जिन्यात.

काकांनी स्वतःच सांगितलं, "वरच्या क्लॅम्पचा स्क्रू घसरतोय." सगळ्या शोधात मशीनचा दोष आपणहून सांगणारा हा एकच माणूस. नाणं उभं राहिलं, वरच्या वेगाला पण. काकूंनी चहा आणेपर्यंत उभंच होतं आणि काका ते उचलून खिशात घालायला लागले, म्हणाले आमच्याकडं घेतात हो. भाव सात हजारावर आला, पात्यांसकट.

स्क्रू घेऊन मी उद्यमबागेत एका लेथवाल्याकडं गेले. त्यानं जुना स्क्रू चिमटीत धरला, उजेडाकडं केला, आट्यांवरून नख फिरवलं. कॅलिपर एकदाच लावला. पितळेची सळई चकमधे धरली आणि माझं "याचं डोकं जरा मोठं करा, अंगठ्याला धरायला" हे वाक्य पुरं व्हायच्या आत डोक्यावर नर्लिंगची, म्हणजे बोट घसरू नये म्हणून खरखरीत, जाळी पण पाडून दिली. पितळेची पिवळी कुरळी कात ट्रेमधे पडत होती. मी म्हटलं, स्टीलचा नको का? तो म्हणाला, "पितळंच बरं वैनी, झिजला तर हा झिजतोय, मशीनचा आटा वाचतोय." या शहरात तुम्हाला स्क्रोल सॉ मिळायची मारामार, पण तिचा स्क्रू दहा मिनिटात.

मखर झालं, सासूबाईंनी साडी परत कपाटात ठेवली. मग सुरू झाल्या ऑर्डरी, फुकटच्या. प्रत्येकाला दारावर नावाची पाटी पाहिजे, आणि शक्यतो दोन्ही भाषांत. इथं मला लिप्यांचा सुतारी स्वभाव कळला. मराठीत शिरोरेघेमुळं अख्खं नाव एका तुकड्यात निघतं, पण ग आणि ण यांचे दांडे नुसते वरून लोंबकळतात, पातळ प्लायमधे "गणेश" कापलात तर आधी दांडा हातात येतो. कानडी अक्षरं दणकट, गोलमटोल, मोडत नाहीत, पण प्रत्येक वेगळं कापायचं आणि वेटोळ्यांच्या पोटात परत भोक, परत सोडा-बांधा. आणि अनुस्वार दोन्हीकडं वाईट. कानडीतला म्हणजे आख्खं कडं, मराठीतला सुटा ठिपका, कापून झाला की हवेत उडतो.

शेजारच्या काकांचं "आनंद निवास" मी शनिवारभर कापलं. ठिपका उडाला तो उडालाच, सोफ्याखाली बघितलं, व्हॅक्युमची पिशवी उलटी केली, तुळशीत पण बघितलं. नवीन ठिपका कापून फेविकॉलनं लावते म्हटलं तर काका पाटी हातात धरून लांब करून बघत म्हणाले, "असूदे की ग, आनद तर आनद. तसं पण मटेरियल कमी लागलंय, चहाचे पैसे तेवढे कापून घेतो."