पाठीवरचे चार पट्टे

घरमाशी निश्चित ओळखायची असेल, तर तिच्या करड्या पाठीवरचे चार काळसर उभे पट्टे मोजावेत, असे कीटकशास्त्र सांगते. सूचना निर्दोष आहे. फक्त तिला माशीची संमती लागते. ६ ते ७ मिलिमीटर लांबीची ही बाई भिंतीवर किंवा पुस्तकावर दुसऱ्या पट्ट्यापलीकडे मोजू देत नाही, आणि निवांत बसते ती नेमकी माझ्या ताटातल्या घासावर.

मोजणी टाळून चालत नाही, कारण पट्टे तीनच निघाले आणि देह थोराड असला तर ती मांसमाशी ठरते, अंग हिरवे-निळे चकाकत असेल तर कुळच वेगळे, आणि कुणी कडाडून चावलेच तर ती घरमाशी नव्हेच. तिची मऊ सोंड फक्त द्रव शोषू शकते. चावते ती तिच्यासारखीच दिसणारी, टोकदार सोंड पुढे रोखलेली दुसरी माशी. माझ्या घोट्याला चावा बसला तेव्हा हा भेद मी घरच्यांना तपशीलवार समजावला, पण वर्गीकरणात कुणालाही रस नव्हता. मी माश्या मारत बसतो, असा त्यांचा ठाम समज आहे. वस्तुतः मी डोळ्यांमधले अंतर पाहून नर-मादी ठरवत असतो. (मादीचे डोळे एकमेकांपासून अधिक दूर असतात.)

ज्ञान वाढले तशी भूक मात्र कमी झाली. माशीला चव पायांनी कळते, म्हणून ती आधी पदार्थावर फेरफटका मारते. घन पदार्थ खाता येत नसल्याने त्यावर लाळ आणि बरेचदा आधीचे जेवणही ओकते, आणि विरघळलेले शोषून घेते. आधीचे जेवण विष्ठेवर किंवा उकिरड्यावर झालेले असू शकते. पटकी, विषमज्वर, आमांश, अतिसार यांचे जंतू ती पायांवरच्या केसांतून आणि पोटातून वाहून आणते. स्वतः मात्र या हमालीत ठणठणीत राहते. पाय चोळते तेही आपल्या आरोग्यासाठी नव्हे, तर स्वतःची ज्ञानेंद्रिये साफ राहावीत म्हणून.

मादी एका खेपेस शंभराच्या आसपास अंडी घालते आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत त्यांच्या माश्या होतात, तेव्हा एकेकीला मारण्याचे गणित कधीच जुळणारे नाही. म्हणून मी अन्न झाकले, कचऱ्याला घट्ट झाकणाचा डबा आणला. ताट बंद झाल्याचे पाहून माशी माझ्या चष्म्याच्या काचेवर येऊन बसली आणि प्रथमच मनसोक्त थांबली. तिथून तिची सोंड, सहाही पाय आणि पोट दिसले. पट्टे पाठीवर असतात.