वडिलांच्या पॅन्क्रियाज (स्वादुपिंड) ऑपरेशनच्या रिव्ह्यूला हॉस्पिटलकडून उत्तर

नमस्कार दादा, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. ओपीडीत ताटकळावं लागलं, बिलाच्या काउंटरवर नीट बोललं गेलं नाही, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "स्टेंटने भागलं असतं, पैशासाठी पोट फाडलं" हे जे लिहिलंय ते फार लागलं.

आधी दुसरीकडे दोनदा स्टेंट, म्हणजे दुर्बिणीतून पॅन्क्रियाजच्या नळीत बसवतात ती बारीक ट्यूब, टाकला आणि कळा परत आल्या हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय ना? स्टेंट वाईट नाही, मी स्वतः कितीतरी पेशंट आधी त्यासाठीच पाठवतो. पण पॅन्क्रियाजची नळी फुगलेली, आत खडे आणि पॅन्क्रियाजचं डोकं सुजून कडक झालेलं असलं की स्टेंट काही महिन्यांनी बदलत बसावं लागतं आणि तो सुजलेला भाग, जिथून बरंचसं दुखणं उठतं, तसाच राहतो. फ्रे ऑपरेशनमध्ये तोच भाग कोरून काढतात, नळी लांबीत उघडून खडे साफ करतात आणि वर लहान आतडं जोडतात, म्हणजे रस तुंबत नाही. नेदरलँड्समध्ये 88 पेशंटवर ट्रायल झाली, 2020 ला छापून आली, त्यात लवकर ऑपरेशन झालेल्यांना आधी एंडोस्कोपी (दुर्बिणीतून स्टेंटसारखे उपचार) केलेल्यांपेक्षा पुढच्या दीड वर्षात कमी दुखलं. वर्षानुवर्षं ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्यांवर काढली की नसाच इतक्या हुळहुळ्या होतात की मग ऑपरेशनचाही तेवढा उपयोग होत नाही. तुम्ही जिला घाई म्हणता ती ह्यासाठी होती.

आणि "ऑपरेशन होऊनही जेवताना कॅप्सूल चालूच" म्हणता, तर ऑपरेशन दुखण्यासाठी होतं. खराब झालेली ग्रंथी परत तयार होत नाही, म्हणून अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल आणि शुगरवर लक्ष हे राहणारच. हे सगळं मी ऑपरेशनआधी कागदावर चित्र काढून सांगितलं होतं, तुमच्या आई समोर होत्या, तुम्ही तेव्हा बाहेर फोनवर होता.

शेवटच्या ओळीत तुम्हीच लिहिलंय की वडिलांना आता रात्री झोप लागते. मग एक स्टार कशाचा दादा? आमचं छोटं हॉस्पिटल आहे, लोक नंबर लावायच्या आधी हेच बघतात.

काउंटरचं आणि अपॉइंटमेंटचं काय ते बघतोय. वडिलांना फॉलोअपला नक्की आणा, शुगरचा रिपोर्ट सोबत घ्या, आणि तंबाखू पूर्ण बंद ठेवायला सांगा.