तीन फ्रेम पुतळा, दोन फ्रेम घसरगुंडी

टॉम अँड जेरीला आज, १० फेब्रुवारी २०२५ ला, ८५ वर्षं झाली. अभिनंदन. आता तो व्हिडिओ ज्याने कोणी बनवलाय त्याने जरा समोर यावं.

सकाळपासून चार ग्रुपवर तोच आलाय. वर फुगे, केक, ‘हॅपी बर्थडे’. खाली ‘द कॅट कॉन्सर्टो’मधला, म्हणजे टॉम मैफलीत पियानो वाजवतो त्या भागातला, उंदराच्या सापळ्याचा तुकडा: जेरी पियानोच्या पट्ट्यांमध्ये सापळा लावतो तो. ६० एफपीएस, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमचा केलेला, रीलसाठी उभा कापलेला, आणि मूळ पियानो काढून त्यावर सध्या जिकडेतिकडे वाजणारं कुठलंसं गाणं चिकटवलेलं. पियानोवरचा विनोद आहे तो. त्यातून पियानोच काढलाय. आणि खाली सगळे बदाम टाकतायत, “काय क्लॅरिटी आहे!”

शेजारचा सहा वर्षांचा मुलगा आला होता. त्याने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाला, “अडकतोय.” मी म्हटलं, नेट नीट आहे रे. तर म्हणतो, “नेट नाही, मांजर अडकतंय.”

मला वाटलं, पोराला थांबे बघायची सवय नाही. टॉम एखादी पोझ धरून ठेवतो, ते त्याला अडकल्यासारखं वाटलं असेल. मग मी फ्रेम मोजल्या. पोरगं बरोबर होतं.

हिशोब असा. हा चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा. पण दर फ्रेमला नवं चित्र नसतं. साध्या हालचालीत एकच चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. धंद्यात याला ‘टूजवर’ म्हणतात. पळापळ, आपटणं, झटका आला की ‘वन्सवर’, दर फ्रेमला नवं चित्र. एकाच शॉटमध्ये अंग टूजवर आणि बोटं वन्सवर असंही चालतं, कारण ती वेगवेगळ्या सेलवर, म्हणजे एकावर एक ठेवायच्या पारदर्शक तावांवर, असतात. कुठे काय ठेवायचं हे एक्स्पोजर शीटवर ओळीओळीने लिहिलेलं असतं आणि कॅमेरामन त्या शीटप्रमाणे सेल बदलतो. म्हणजे २४ पैकी कुठे थांबायचं आणि कुठे पळायचं हे कोणीतरी ठरवून, मोजून, लिहून ठेवलंय.

आता याचं ६० करा. २४ आणि ६० ही दोन घड्याळं सेकंदाच्या दर बाराव्या भागाला जुळतात, मध्ये कुठेच नाही. म्हणजे नव्या ६० फ्रेमपैकी १२ मूळच्या, बाकी ४८ मशीनने अंदाजाने मध्ये भरलेल्या. आणि मूळच्या २४ पैकी १२ सरळ कचऱ्यात. जिथे काम वन्सवर आहे तिथे माणसाने काढलेली निम्मी चित्रं गेली, आणि याला आपण ‘रिस्टोअर्ड’ म्हणतो.

टूजवर काय होतं ते तर बघाच. मूळ क्रम क, क, ख, ख. साठच्या हिशोबाने पहिल्या तीन फ्रेमवर ‘क’ जसाच्या तसा, कारण त्यांच्या दोन्ही बाजूंना तोच आहे. चौथ्या फ्रेमला तो ‘ख’कडे २० टक्के सरकतो, पाचव्याला ६० टक्के, सहाव्याला ‘ख’. पुन्हा तीन फ्रेम तसाच. तीन फ्रेम पुतळा, दोन फ्रेम घसरगुंडी, तीन फ्रेम पुतळा, दोन फ्रेम घसरगुंडी. सेकंदाला बारा वेळा. त्या पोराला शब्द सापडला होता, मला मोजावं लागलं.

काही सॉफ्टवेअर हुशार असतात, आधी सारख्या फ्रेम ओळखून काढून टाकतात आणि मग मध्ये भरतात. ते आणखी वाईट. मग ठरवून धरलेली पोझसुद्धा त्यांना ‘सारखी फ्रेम’च वाटते, आणि टॉम थांबायचा तिथे थांबतच नाही, पाण्याखाली असल्यासारखा सतत तरंगत राहतो. विनोद त्या थांब्यात असतो हो. सापळ्याच्या आजूबाजूच्या पट्ट्यांवर बोट पडतंय, इकडे, तिकडे, पुन्हा इकडे, सापळा मात्र चुकतोय, आणि आपण श्वास धरून बसलोय. मग फट्! असा झटका मधली चित्रं न काढल्यामुळेच बसतो. मशीन ती जागा रिकामी बघतं आणि इमानेइतबारे भरून टाकतं. आजच्या व्हिडिओत मी तिथे थांबवून पाहिलं: अर्धा मिटलेला सापळा आणि बोटाच्या जागी राखाडी लापशी. चापट मारायच्या आधी हात सावकाश गालापर्यंत नेऊन ठेवावा तसं.

बरं, आता पियानोबद्दल. इथे माझा खरा संताप आहे.

स्कॉट ब्रॅडली हे नाव त्या फुग्या-केकच्या शुभेच्छेत शोधूनही सापडणार नाही. एमजीएम स्टुडिओतल्या या मालिकेला जवळपास सगळं संगीत या माणसाचं. टॉम आणि जेरी जवळजवळ बोलतच नाहीत, म्हणजे बोलण्याचं काम त्याच्या वाद्यवृंदाकडे. विल्यम हॅना (जोसेफ बार्बेरासोबत या मालिकेचा दिग्दर्शक) वेळ ठरवायचा तो ठोक्यात. १२ फ्रेमचा ठोका म्हणजे मिनिटाला १२०. ८ फ्रेमचा म्हणजे १८०, पळापळ. १६ फ्रेमचा म्हणजे ९०, चोरपावलं. चित्र काढायच्या आधी ताल ठरलेला. आणि ‘कॅट कॉन्सर्टो’सारखं पात्रच वाजवत असेल तर काम उलट्या बाजूने सुरू होतं: आधी ध्वनिमुद्रण, मग कुठला सूर कितव्या फ्रेमला येतो ते मोजून शीटवर, मग बोटं. चित्र आवाजाच्या एकदोन फ्रेम आधी चाललं तर डोळा खपवून घेतो. आवाज आधी आला की लगेच खटकतं. इतकी बारीक ती शिवण. तिथे लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी क्रमांक २ उसवून धमाधम गाणं लावायचं? नाटकातले संवाद बंद करून वर सनई लावा ना मग.

याच ब्रॅडलीने १९४४ च्या ‘पुटिंग ऑन द डॉग’मध्ये संगीतकार शॉनबर्गच्या बारा सुरांच्या पद्धतीचा, म्हणजे कुठल्याच सुराला ‘सा’ न मानणाऱ्या संगीताचा, वापर केला होता. उंदराच्या पळापळीसाठी! मैफलीत जे ऐकून लोक कान झाकायचे ते संगीत थिएटरात पोरंबाळं खिदळत ऐकत होती. असो.

शुभेच्छेतली बाकीची माहितीही दिव्यच. “८५ वर्षांपूर्वी आजच्या दिवशी टॉम आणि जेरी जन्मले.” १० फेब्रुवारी १९४० ला आला तो ‘पुस गेट्स द बूट’, आणि त्यातल्या बोक्याचं नाव जॅस्पर आहे. उंदराला पडद्यावर नावच नाही. श्रेयनामावलीत हॅना नाही, बार्बेराही नाही, फक्त निर्माता रुडॉल्फ आयझिंग. टॉम आणि जेरी ही नावं पुढच्या वर्षीच्या ‘द मिडनाइट स्नॅक’पासून. स्टुडिओतल्याच जॉन कार नावाच्या अॅनिमेटरने ती सुचवली आणि त्याबद्दल त्याला ५० डॉलर मिळाले. आणि फुग्यांशेजारी चिकटवलेला जेरी लाल बो टाय घातलेला आहे. तो १९७५ च्या टीव्ही मालिकेतला, मारामारी बंद करून दोघांना मित्र केलं होतं तिथला. वाढदिवस आजोबांचा आणि फोटो नातवाचा.

१९४० चा तो जॅस्पर एकदा नीट बघा. केस फिस्कारलेले, अंगावर सुरकुत्या, बराचसा चार पायांवर चालणारा खराखुरा बोका. पुढच्या चारपाच वर्षांत त्याच्या रेघा कमी होत गेल्या, तो दोन पायांवर आला. सुंदर दिसावा म्हणून नाही, किंवा नुसतं म्हणून नाही. केसाची प्रत्येक बट दर चित्रात त्याच जागी काढावी लागते. एक जरी इकडची तिकडे झाली की पडद्यावर अंग वळवळतं. रेघ वाचली की हात मोकळा होतो आणि तो वेळ अभिनयाला मिळतो.

आणि हात कोणाचे? अॅनिमेटर पेन्सिलने मुख्य पोझेस काढणार, साहाय्यक आणि इनबिटवीनर मधली चित्रं भरणार. त्यानंतर इंक अँड पेंट, म्हणजे बहुतेक सगळ्या बायका. सेलच्या पुढच्या बाजूला शाईने रेघ, उलटवून मागून रंग, म्हणजे रेघ बुडत नाही. सेल पूर्ण पारदर्शक नसतो. एकावर एक चार ठेवले की खालचा रंग काळवंडतो. म्हणून टॉम खालच्या थरावर असेल तर त्याचा राखाडी वेगळ्या, उजळ छटेचा. चुकून थर बदलला की बोका अर्ध्या शॉटमध्ये रंग बदलतो. शिवाय धूळ, ओरखडे, बोटांचे ठसे. मग टेक्निकलर या रंगीत फिल्मच्या पद्धतीसाठी प्रत्येक फ्रेम तीनदा: लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून. सात मिनिटं म्हणजे १०,०८० फ्रेम, म्हणजे ३०,२४० वेळा शटर.

टॉम सुसाट पळतो तेव्हा मागे जे रंगाचे फटकारे दिसतात ना, ते कोरड्या ब्रशने सेलवर ओढलेले. ब्रश जास्त ओला असेल तर डाग, जास्त कोरडा असेल तर नुसतं खरखर. एकदोन फ्रेमपुरती ती कला. आजच्या व्हिडिओत ते फटकारे नाहीतच, कारण मशीनला ती घाण वाटली आणि तिने पुसून टाकली. कोणा बाईने मनगट सांभाळून ओढलेला फटकारा, तिचं नाव तेव्हाही पडद्यावर नव्हतं, आता तिची रेघही नाही. इथे मला खरंच वाईट वाटलं. मघाशी नुसता राग होता.

(हा रोग नवा नाही. जुन्या डीव्हीडींवरही कचरा काढणारं यंत्र असंच वेगातल्या रेघा खायचं. टॉमचा पंजा जोरात फिरला की मधल्या फ्रेममध्ये त्याची कडच गायब.)

हो, मान्य आहे, आपण लहानपणी पाहिलं तेही काही सोवळ्यातलं नव्हतं. १ मे १९९५ ला कार्टून नेटवर्क इथे आलं, रात्री त्याच चॅनलवर टीएनटीचे इंग्रजी सिनेमे लागायचे, आणि आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या (सेकंदाला २५ फ्रेम) टीव्हीवर २४ चा चित्रपट बहुधा २५ ने पळवला जायचा, चार टक्के वेगात, आवाज जरा चढा. पण पळवला जायचा. मधल्या फ्रेम कोणी पदरच्या घालत नव्हतं.

आणि हेही मान्य की या मालिकेत सगळंच मिरवण्यासारखं नाही. मॅमी टू शूज हे कृष्णवर्णीय मोलकरणीचं साचेबद्ध पात्र आणि स्फोटानंतर काळी तोंडं करायचे ते विनोद आज बघवत नाहीत. मग तसं लिहा शुभेच्छेत. ते लिहायचं नाही आणि रेघा मात्र पुसायच्या, ही कसली स्वच्छता?

उभ्या कापण्याबद्दल एकच सांगते. मूळ चौकट १.३७ ला १. त्यातून रीलची उभी पट्टी कापली की रुंदीचा सुमारे ४० टक्के भाग उरतो. पियानोच्या एका टोकाला टॉम आणि दुसऱ्या टोकाला जेरी. कुठला ठेवणार? यांनी टॉम ठेवलाय. म्हणजे बोट सापळ्यात अडकतं, पण सापळा लावणारा दिसतच नाही. जेरीच्या वाढदिवसाला जेरीच चौकटीबाहेर.

आणि जाता जाता, आपल्या घरचं. ‘एक अनेक और एकता’ या दूरदर्शनवरच्या कार्टूनपटाला २०२४ साली ५० वर्षं झाली. दिग्दर्शन विजया मुळे, संगीत वसंत देसाई, अॅनिमेशन भीमसेन. ‘एक चिडिया’ येत नाही असा माणूस माझ्या यादीत नाही. एकाही ग्रुपवर फुगा आला नाही. फाळक्यांनी १९१५ मध्ये काड्यापेटीतल्या काड्या एकेक फ्रेम हलवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, तिचं तर सोडाच. पण एका अर्थी बरंच झालं. आठवण झाली असती तर त्या चिमण्याही ६० एफपीएसने उडाल्या असत्या.

संध्याकाळी तो मुलगा पुन्हा आला. मी मूळ तुकडा लावला, २४ चा, आडवा, पियानोसकट. सापळ्याच्या आधीच्या थांब्यावर त्याने माझ्याकडे बघितलं, बोललं काही नाही. फट् झाल्यावर म्हणाला, “मागे घे.” सहा वेळा मागे घेतलं. सातव्यांदा त्याच्या आईने हाक मारली.

ता. क. मूळ तुकडा मिळाला तरी टीव्हीवर बघणार असाल तर आधी सेटिंग्ज उघडा. पिक्चरमध्ये ‘मोशन’ किंवा ‘स्मूद’ शब्द असलेलं जे काही असेल ते बंद करा, नाहीतर टीव्ही घरबसल्या तेच करेल. कॉम्प्युटरवर व्हीएलसीत ‘ई’ची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे जाते. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ पुढे नेते, स्वल्पविरामाची मागे. चार फ्रेम हलत्या आणि पाचवी आधीचीच असं दिसलं तर समजा कोणीतरी ३० चं करून चढवलंय. ते चालेल, डोळा सांभाळून घेतो. मांजराला दोन शेपट्या दिसल्या तर मात्र बंद करा.