मानक काढताय? मग मुदत जपून टाका

नव्या व्हिडिओ डिस्कचं मानक ठरवणाऱ्या समितीवर तुमची वर्णी लागली, अभिनंदन! तांत्रिक बाबींचं दडपण घेऊ नका. लेसर किती नॅनोमीटरचा, एका थरात किती गिगाबाइट मावणार, हे इंजिनिअर मंडळी बघून घेतात. ब्लू-रे या हाय डेफिनिशन व्हिडिओ डिस्कच्या वेळीही त्यांनी ४०५ नॅनोमीटरचा लेसर आणि थराला २५ गिगाबाइट हे गणित चोख बसवून दिलं होतं. तुमचं काम त्याहून नाजूक. मानक सक्तीचं कधीपासून, ती तारीख तुम्ही ठरवायची. आणि अशी ठरवायची की मानकाचा मान राहावा, पण ते पाळायची घाई कुणालाच होऊ नये.

सुरुवात शब्दांपासून करा. यंत्र अर्धवट आहे, असं चुकूनही म्हणू नका. ‘सवलतीचा काळ’ म्हणा. ब्लू-रेवाल्यांनी हेच केलं. जून २००६ मध्ये त्यांचा पहिला प्लेअर अमेरिकेतल्या दुकानांत आला, तो प्रोफाइल १.० चा, म्हणजे मानकाच्या पहिल्या पायरीचा. त्यात दुसरा व्हिडिओ डिकोडर (डिस्कवरच्या माहितीचं चित्र करणारा भाग) असलाच पाहिजे असं नव्हतं, इंटरनेटची जोडणी नको होती आणि स्वतःची म्हणून साठवणीची जागा ६४ किलोबाइट असली की भागत होतं. मोबाइलवरचा एक बरा फोटोही एवढ्यात मावत नाही. पण हे सगळं ‘सवलतीच्या काळात’ चालत होतं. सवलत म्हटली की गिऱ्हाईक खूश होतं. ती सवलत आपल्याला नसून कारखान्याला होती, हे त्याला कळायला सव्वा-दीड वर्ष जातं, आणि तोवर पावती हरवलेली असते.

आता मुदत. ती टाकताना शब्दरचनेकडे बारीक लक्ष द्या, सगळी गंमत तिथेच आहे. ‘अमुक तारखेनंतर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्लेअरला’ असं लिहिलंत तर संपलात. ‘अमुक तारखेनंतर बाजारात नव्याने दाखल होणाऱ्या मॉडेलला’ असं लिहा. ब्लू-रेची तारीख होती १ नोव्हेंबर २००७. त्या दिवसापासून येणाऱ्या नव्या मॉडेलला प्रोफाइल १.१ सक्तीचं झालं: दुसरा डिकोडर हवा आणि किमान २५६ मेगाबाइट साठवण हवी. मात्र जे मॉडेल आदल्या दिवसापर्यंत बाजारात उतरलं असेल, ते तसंच विकत राहायला मोकळं. म्हणजे मानक लागू झाल्यावरही मानकात न बसणारं यंत्र त्याच फळीवर, मानकात बसणाऱ्या यंत्राच्या शेजारी, उजळ माथ्याने उभं. खोक्यावर ‘जुन्या नियमाचा’ असा शिक्का मारायची सक्ती नाही. उलट नव्या यंत्राला ‘बोनसव्ह्यू’ नावाची खास खूण. ज्याच्यावर खूण नाही त्याच्यात काय नाही, हे ओळखण्याची जबाबदारी गिऱ्हाइकाची. ग्राहक सुजाण असावा असं आपण सगळेच म्हणतो.

दुसरा डिकोडर कशाला लागतो, असं कुणी विचारलंच तर सांगा: चित्रपट चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन उघडतो आणि त्यात दिग्दर्शक येऊन ‘हे दृश्य आम्ही कसं घेतलं’ ते सांगतो. मूळ चित्र आणि कोपऱ्यातलं चित्र ही दोन्ही एकाच वेळी उलगडायची, म्हणून दोन डिकोडर. जुन्या प्लेअरवर हा चौकोन उघडत नाही. (खरं सांगायचं तर दिग्दर्शकाला कोपऱ्यात बोलताना पाहायची माझी स्वतःची हौस अर्ध्या तासात फिटली. पण हे समितीत बोलू नका. ज्याच्यासाठी मुदत टाकली ती गोष्ट फारशी कुणाला नकोच होती, असं इतिवृत्तात जायला नको.) आणि तुमचं हुकमी वाक्य तोंडपाठ असू द्या: ‘मुख्य चित्रपट तर दिसतो ना?’ दिसतो. प्रत्येक प्लेअरवर दिसतो. या वाक्याला आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

आकड्यांच्या बाबतीत हात आखडू नका. १.१ ला ‘अंतिम मानक’ म्हणायचं आणि त्याची शाई वाळते न वाळते तोच २.० आणायचं. बीडी-लाइव्ह नावाच्या या अवताराला इंटरनेट लागतं आणि १ गिगाबाइट साठवण लागते. ती साठवण यंत्राच्या पोटात असायलाच हवी असं मात्र नाही. मागच्या बाजूला एक भोक ठेवायचं आणि मेमरी गिऱ्हाइकाने आपली आपण आणून खोचायची. हे २.० सक्तीचंही करू नका. सक्ती केली की मुदत आली, मुदत आली की तक्रारी आल्या. पुढे थ्रीडी आलं तेव्हा आकडा थेट ५ वर गेला. ३ आणि ४ कुठे गेले, हे कुणी दुकानात विचारत नाही, कारण विचारायचं असतं हेच कुणाला माहीत नसतं.

एक धोक्याची सूचना. या सगळ्या धामधुमीत सर्वांत भरवशाचा ब्लू-रे प्लेअर ठरला तो मुलांच्या खेळाचा डबा, प्लेस्टेशन ३. नोव्हेंबर २००६ मध्ये तो आला तेव्हा १.१ सक्तीचं व्हायला वर्ष होतं. पण त्याच्यात ताकद होती, हार्ड डिस्क होती, इंटरनेट होतं. डिसेंबर २००७ मध्ये एका फर्मवेअरने, म्हणजे यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने, तो १.१ झाला आणि मार्च २००८ मध्ये दुसऱ्या फर्मवेअरने २.० झाला. ज्यांनी चित्रपटांसाठी म्हणून गंभीर चेहऱ्याचा, काळाभोर, वजनदार प्लेअर घेतला ते होते तिथेच राहिले, आणि ज्यांनी गोळीबार खेळायला यंत्र घेतलं ते घरबसल्या अद्ययावत झाले. असं पुन्हा होऊ देऊ नका. नुसत्या फर्मवेअरने वरच्या इयत्तेत जाणारं यंत्र म्हणजे तुमच्या पुढच्या विक्रीवर पाणी.

‘सगळं पहिल्या दिवसापासून सक्तीचं का नको?’ असं समितीतला एखादा तरुण सदस्य विचारेल. त्याला एचडी डीव्हीडीची गोष्ट सांगा. ब्लू-रेच्या त्या प्रतिस्पर्ध्याने अमेरिकेत एप्रिल २००६ मध्ये आलेल्या पहिल्या प्लेअरपासूनच दुसरा डिकोडर आणि नेटवर्कची जोडणी सक्तीची केली होती. सवलत नाही, टप्पे नाहीत. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर या चित्रपट कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला एचडी डीव्हीडीचे प्लेअर बनवणाऱ्या तोशिबाने दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. ज्याचं मानक आधी पूर्ण, त्याचा शेवटही आधी. हा निष्कर्ष थोडा ओढूनताणून आहे हे मान्य, कारण खरी लढाई चित्रपट कंपन्या कुणाच्या बाजूला, यावर झाली. पण तरुण सदस्याला एवढ्या तपशिलात नेऊ नका.

तुमच्यात धमक असेल तर मुदत यंत्राला नाही, डिस्कलाच लावा. १९९८ मध्ये अमेरिकेत डिव्हएक्स नावाची योजना निघाली. डिस्क घरी आणायची, पहिल्यांदा लावली की ४८ तास चालणार, त्यानंतर पुन्हा पैसे. हिशेब द्यायला प्लेअर टेलिफोनच्या तारेवरून कंपनीला फोन करणार. गिऱ्हाईक झोपलेलं असताना त्याच्याच घरातून त्याचीच चहाडी! १९९९ च्या जूनमध्ये योजना गुंडाळली गेली. २००१ च्या मध्यानंतर त्या डिस्कही मुक्या झाल्या. त्यांचं काय चुकलं असेल? माझ्या मते त्यांनी ते खोक्यावर लिहिलं, हे.

लिहायचं नसेल तर करारात घाला. ब्लू-रेच्या कॉपी-संरक्षणाच्या करारात अशा दोन तारखा होत्या. ३१ डिसेंबर २०१० नंतर बनलेल्या प्लेअरमधून ॲनालॉग तारेवर हाय डेफिनिशन चित्र पाठवायला बंदी, आणि २०१३ संपल्यावर ॲनालॉग चित्रच बंद. ज्याचा चांगला चालणारा जुना टीव्ही फक्त तीच तार ओळखत होता, त्याला नव्या प्लेअरबरोबर नवा टीव्हीही लागला. आणि काय योगायोग पाहा, पहिल्या तारखेला सवलत मिळाली तीही कारखान्यालाच: आधीपासूनची मॉडेल २०११ संपेपर्यंत बनवायला आणि विकायला मोकळीक.

शेवटी पत्रव्यवहार. एखाद्या खरेदीदाराचं पत्र येईलच: ‘मी अगदी पहिला प्लेअर घेतला होता, तेव्हाची किंमत मोजून. कोपऱ्यातला चौकोन उघडत नाही. इंटरनेट लागत नाही. नवी डिस्क घातली तर आधी फर्मवेअर बदला म्हणतो.’ त्याला सभ्य भाषेत, छापील मथळ्याच्या कागदावर एकच उलट प्रश्न विचारा: मुख्य चित्रपट दिसतो का? माणूस प्रामाणिक असतो, फर्मवेअर बदलल्यावर दिसतो असं कळवतो. ‘समाधान झाले’ असा शेरा मारा आणि फाइल बंद करा.