लढाई संपल्यावर भांडी कोण घासतं?

मला 'डीमन स्लेयर' हे जपानी अ‍ॅनिमे (कार्टून मालिका) फारसं आवडत नाही. लिहून टाकलं एकदाचं. ज्यांना अनफ्रेंड करायचंय त्यांनी खुशाल करा, बाकीच्यांनी पुढे वाचा. स्पॉयलर भरपूर आहेत, नंतर इनबॉक्समध्ये येऊन भांडू नका.

देखणं आहे, त्याबद्दल वादच नाही. पहिल्या सीझनच्या एकोणिसाव्या एपिसोडमध्ये नायक तांजिरोच्या तलवारीभोवतीचं पाणी बघता बघता ज्वाळा होतं, तेव्हा कुणाचीही छाती धडधडेल. २०२५ च्या सप्टेंबरात त्याचा 'इन्फिनिटी कॅसल' हा सिनेमा आपल्याकडे हिंदी डबसकट लागला आणि कॉलेजची पोरं भल्या पहाटेच्या शोला गेली, याचंही मला कौतुकच आहे. पण गोष्ट म्हणून बघायला जावं तर तेच ते दळण. राक्षस येतो, तुंबळ मारामारी होते, मरता मरता त्याला आपलं दुःखी बालपण आठवतं, आपण डोळे पुसायचे, की पुढचा राक्षस हजर. त्यातल्या त्यात आकाझा या राक्षसाची गोष्ट मनापासून आवडली. राक्षस व्हायच्या आधी तो हाकुजी असतो, आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारं पोरगं. पुढे कोयुकी नावाच्या आजारी मुलीची शुश्रूषा त्याच्याकडे येते. कपाळावरचं ओलं फडकं बदल, पाणी पाज, रात्र रात्र उशाशी बस. ती सारखी माफी मागत राहते, आणि आजारी माणसं माफी का मागतात हे याला कळत नाही. अडीच तासांच्या सिनेमातून माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच. तलवार कुणी कशी फिरवली ते मला विचारू नका.

तर माझी कसोटी ही अशी आहे. तलवारी म्यान झाल्यावर ही माणसं काय करतात? खातात काय, कमावतात काय, मोडलेलं घर कोण बांधतं? ज्या मालिकेला याचं उत्तर माहीत असतं ती मला आवडते. ज्या मालिकेत लढाई संपली की फक्त पुढची, आणखी मोठी लढाई येते, ती मी दोन सीझनांत सोडते. 'नारुतो'चे सगळे मिळून ७२० एपिसोड आहेत आणि त्यात फिलर (मूळ कथेत नसलेले भरतीचे एपिसोड) किती, हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको.

या कसोटीवर सगळ्यात वर कोण, तर 'विनलँड सागा'चा दुसरा सीझन. हो, तोच, ज्याला लोक 'शेतीचा सीझन' म्हणून नावं ठेवतात. पहिल्या सीझनमध्ये (२०१९) व्हायकिंग, जहाजं, कापाकापी, बापाच्या खुनाचा सूड, सगळा मसाला होता. दुसऱ्यात (२०२३) तोच नायक थॉरफिन डेन्मार्कमधल्या केटिल नावाच्या जमीनदाराकडे गुलाम म्हणून येतो, आणि एपिसोडमागून एपिसोड जंगल तोडून शेत करतो. अर्ध्या लोकांनी तिथेच बघणं सोडलं. मला तर तिथून पुढे उठवेना.

माझं माहेर शेतकऱ्याचं. पडीक रान लागवडीखाली आणणं म्हणजे काय, ते मी घरात ऐकत वाढले. झाड तोडणं सोपं असतं, जीव काढतो तो खाली राहिलेला बुडखा. इथेही तेच. थॉरफिन आणि त्याच्यासोबतचा गुलाम एइनार दोघं बुडखा हलवायला बघतात, हलत नाही. घोडा मागायला जातात तर केटिलचे गडी हाकलून लावतात, कारण गुलामांना स्वतःचं पीक काढून त्यावर सुटका विकत घ्यायची मुभा मिळालीय हेच त्यांच्या डोळ्यांत खुपतंय. शेवटी म्हातारा स्वेर्केल, केटिलचा बाप, घोडा आणि नांगर देतो. फुकट नाही, माझ्या शेतात राबा म्हणतो. मग गहू उगवतो, आणि एका सकाळी कुणीतरी सगळी रोपं उपटून टाकलेली असतात. पहिल्या सीझनमध्ये माणसं मारताना ज्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती, तो थॉरफिन त्या उपटलेल्या रोपांपायी हात उगारतो. पिकाचं नुकसान ही काय चीज आहे ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना तिथे वेगळं पार्श्वसंगीत लागणार नाही.

'विनलँड सागा' लिहिणारा माकोतो युकिमुरा हा माणूसच तसला. त्याची आधीची मांगा (जपानी चित्रकथा) 'प्लॅनेटेस' वाचली नसेल तर निदान अ‍ॅनिमे बघा, २६ एपिसोडचं काम आहे. साल २०७५, आणि नायक-नायिका अंतराळातले कचरावाले. पृथ्वीभोवती फिरणारे जुन्या उपग्रहांचे तुकडे गोळा करायची नोकरी. अ‍ॅनिमेमध्ये त्यांचं खातं कंपनीत सगळ्यात दुर्लक्षित, माणसं अपुरी म्हणून बाकीचे त्यांना 'अर्धं खातं' म्हणून चिडवतात. नवीन आलेल्या मुलीला कळतं की इथे प्रत्येकाने मृत्युपत्र लिहून ठेवलंय, आणि ती हादरते. बाकीच्यांना तो निव्वळ एक फॉर्म असतो. रॉकेटं, अंतराळ स्थानकं सगळं आहे, पण कॅन्टीनमधली कुरबूर, बढती, विमा हे आधी येतं. मला तरी भविष्यकाळ असाच दिसतो, आपल्याच ऑफिसला खिडकीबाहेर पृथ्वी.

आता हिरोमु अराकावा या मांगा काढणाऱ्या बाई. 'फुलमेटल अल्केमिस्ट' सगळ्यांना आवडते, मलाही, 'ब्रदरहूड'चे ६४ एपिसोड मी कुणालाही डोळे मिटून सुचवते. त्यात मला विन्री आवडते. नायक एडवर्ड वीरश्री दाखवून लोखंडी हात मोडून येतो आणि ही रात्रभर जागून नवा बनवते, वर पैसे मागते. बरोबरच आहे. आणि शेवट! एवढा मोठा किमयागार भावाला परत आणण्यासाठी आपली किमयाच देऊन टाकतो. कुठल्या हिरोने शेवटच्या एपिसोडला पॉवर वाढवण्याऐवजी कायमची सोडलीय, सांगा.

पण माझी लाडकी तिची 'सिल्व्हर स्पून'. अराकावाबाई होक्काइदोच्या, घरचा दुधाचा धंदा, तोक्योला जाण्याआधी सात वर्षं गोठ्यात राबलेल्या. स्वतःचं चित्र काढतात तेही चश्मा लावलेल्या गाईचं. तर यात साप्पोरोचा हाचिकेन नावाचा हुशार मुलगा परीक्षांच्या रेट्याला कंटाळून मुद्दाम शेतकी शाळेत येतो. पहाटे उठून गोठा, कोंबड्या, शेण. एका वेतातल्या सगळ्यात मरतुकड्या डुकराच्या पिल्लावर त्याचा जीव जडतो. जीव लावू नकोस म्हणून सगळे बजावतात, तर हा त्याला बुतादोन म्हणतो, डुकराचं मांस घातलेला भात. (आमच्या गावी देवाला सोडलेल्या बोकडाला नाव ठेवलं की आजी ओरडायची. कारण तेच.) पिल्लू मोठं होतं, कत्तलखान्यात जातं. आणि हाचिकेन सुट्टीत कमावलेल्या मजुरीतून ते सगळं मांस विकत घेतो, खारवून धुरावर धरतो आणि शाळेला खायला घालतो. रडतो, आणि चांगलं झालंय म्हणून खातो. असा प्रसंग लिहायला गोठ्यात वाढलेलं माणूसच लागतं.

पुढे कोमाबा नावाच्या मित्राची गोशाळा कर्जात बुडते. बेसबॉलमध्ये मोठं व्हायचं स्वप्न बघणारा पोरगा शाळा सोडतो, गाई विकल्या जातात, आणि त्या कर्जाला वर्गातल्या मिकागेच्या घरचे जामीन राहिलेले असतात म्हणून त्यांचे घोडेही जातात. कुणी व्हिलन नाही. बँकवालेसुद्धा वाईट नाहीत. होक्काइदो वगैरे ठीक आहे हो, पण हे मी आमच्या शेजारच्या गावात घडलेलं म्हणून सांगितलं तर कुणाला शंका येणार नाही. अ‍ॅनिमे मात्र दोन सीझन करून अर्ध्यात थांबलं, पुढचं मांगात वाचावं लागतं, एकूण १५ खंड.

'अटॅक ऑन टायटन'च्या शेवटावर मला बोलायचं नव्हतं, पण तुम्ही विचारणारच. घाईत उरकलाय, अ‍ॅनिमेमध्ये संवाद सुधारून घेतले तरीही. नायक एरेनपेक्षा मला सदैव शत्रूपक्षातला राइनर जास्त पटला. आणि इतक्या टायटनांच्या गर्दीत माझा प्रसंग हॉटेलातला. साशा या सैनिक पोरीला मारणारी गाबी समोर उभी आहे, खानसामा निकोलो साशाच्या बापाच्या हातात सुरी देतोय, आणि म्हातारा म्हणतो की साशाला जंगलाबाहेर आणलं खरं, पण तिथेही एकमेकांना मारणंच चाललंय. निदान पोरांना तरी त्या जंगलातून बाहेर ठेवू. घोडे पाळणारा, अनाथ पोरं सांभाळणारा माणूस. त्याला पडद्यावर जेमतेम काही मिनिटं मिळतात.

'डेथ नोट' पंचविसाव्या एपिसोडला बंद करा. नायकाच्या मागावर असलेला डिटेक्टिव्ह एल गेला, खेळ संपला, पुढे गुऱ्हाळ.

'फ्रीरेन' तर माझ्या कसोटीसाठीच लिहिल्यासारखी आहे. दैत्यराजा पहिल्याच एपिसोडच्या आधी मेलेला. हजार वर्षांहून जास्त जगलेली नायिका फ्रीरेन ही एल्फ (दीर्घायुषी जमातीतली) दहा वर्षं ज्याच्याबरोबर हिंडली तो हिमेल म्हातारा होऊन जातो, आणि तिला अंत्यसंस्काराला कळतं की आपण त्याला ओळखून घ्यायचे कष्टच घेतले नाहीत. ती गोळा करते ते मंत्र बघा: पुतळ्यावरचा गंज काढायचा, गोड द्राक्षं आंबट करायचा, फुलांचं शेत उगवायचा. अर्धा एपिसोड एक पुतळा स्वच्छ करण्यात जातो आणि कंटाळा येत नाही. मधला जादूगारांच्या परीक्षेचा भाग मात्र मला लांबला. तिथे पुन्हा कोणाची पॉवर किती, हा हिशोब सुरू होतो. पटत नसेल तर कॉमेंटमध्ये या.

आणि 'वन पीस' राहिलं म्हणणाऱ्यांनो, राहिलेलं नाही. अ‍ॅनिमे नको, फार ताणलंय, मांगा वाचा. मला त्यातला नायक लफी चालतो, पण मी वाचते सांजीसाठी. समुद्रात उपाशी मरता मरता वाचलेला स्वयंपाकी, त्यामुळे भुकेल्याला जेवू घालायचं, मग तो समुद्री चाचा का असेना. लढताना लाथाच मारतो, कारण हात स्वयंपाकाचे. १९९७ पासून चालू आहे म्हणून घाबरू नका, आर्लाँग या खलनायकाची गोष्ट संपेपर्यंत वाचा. नाही आवडलं तर सोडून द्या आणि 'सिल्व्हर स्पून' घ्या, माझ्याकडे पहिले चार खंड आहेत. परत देणाऱ्यालाच देईन.