मजला रिकामा आहे? इनक्युबेटर काढा!

आपल्या बाणेरच्या इमारतीतला तिसरा मजला आयटी कंपनीनं सोडला आणि ‘भाड्याने देणे आहे’चा फलक उन्हानं पांढरा पडला, तरी काळजीचं कारण नाही. दवाखान्याला डॉक्टर लागतो, क्लासला मास्तर लागतो, मंगल कार्यालयाला निदान पार्किंग तरी लागतं. इनक्युबेटरला, म्हणजे नव्या कंपन्यांना बसायला जागा आणि वर सल्ला देणाऱ्या ठिकाणाला, फक्त खुर्च्या लागतात. गेल्या आठवड्यात बालेवाडीकडच्या एका ‘इनोव्हेशन हब’चा बावीस पानी करार ओळ न् ओळ वाचावा लागला. वाचून झाल्यावर वाटलं, ही विद्या एकाच माणसाच्या कपाटात राहणं बरं नाही. म्हणून होतकरू हबचालकांसाठी हे मार्गदर्शन. मोफत आहे, आपल्याकडे त्याची सवय नसेल, तेव्हा आधीच सांगून ठेवलं.

सुरुवात भिंतीपासून. रॉकेटचं चित्र, खाली इंग्रजीत अपयशाचं कौतुक. कोपऱ्यात दोन बीनबॅग. त्यात पस्तिशीपुढचा माणूस बसला की त्याला उठवायला दुसरा संस्थापक लागतो, त्याला आपण नेटवर्किंग म्हणू. टेबल टेनिस ठेवा, आणि ठेवा ते मीटिंग रूमच्या भिंतीला लागून.

इंटरनेट एकच घ्यायचं, घरगुती प्लॅनचं. साठ माणसं, प्रत्येकाचा एक लॅपटॉप आणि एक फोन, म्हणजे एकशेवीस यंत्रं. आणि छताला राउटर एक, जो तीस-चाळीस जोडण्यांनंतर धापा टाकतो. स्पीड टेस्टचा फोटो रविवारी दुपारी काढून रिसेप्शनला लावा. कुणी दुसरी लाइन मागितली तर जरूर द्या, पण त्याच डक्टमधून आलेली, म्हणजे महापालिकेनं रस्ता खोदला की दोन्ही एकदम जातील. वीज गेल्यावर जनरेटर आहेच. तो भार घेईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात, तेवढ्यात राउटर बंद पडतो आणि परत उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. राउटरला छोटा यूपीएस जोडला तर हे टळतं. पण मग ग्राहकासमोर डेमो गोठला की संस्थापकाच्या अंगी येणारा कणखरपणा कुठून यायचा?

फोन बूथ काचेचा, बंद आणि बिनपंख्याचा असावा.

एसी संध्याकाळी सातला बंद. पुण्यात सात वाजतात तेव्हा न्यूयॉर्कचा ग्राहक नुकता कामाला बसतो, ही त्या ग्राहकाची चूक.

शेजार कसा लावायचा, हेही शिकून घ्या. सामायिक जागेत माणूस येतो तो शेजारासाठी. पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं जीएसटीची नोटीस गेल्याच वर्षी निस्तरलेली असते. मागचा मुलगा सांगतो की पाचच सर्किट बोर्ड हवे असतील तर भोसरीत कुणाकडे जायचं आणि कोण पन्नासच्या खाली हातच लावत नाही. असली माहिती कुठल्या पुस्तकात नसते, आणि तिच्यासाठी महिन्याचं भाडं देणं परवडतं. तेव्हा हे होऊ देऊ नका. सॉफ्टवेअरवाल्यांच्या मधोमध विमा एजन्सीचं टेलिकॉलिंग बसवा. हार्डवेअरवाला आला तर त्यालाही घ्या. सोल्डरिंग गनच्या धुरानं फायर अलार्म वाजला की मग दंड लावू. एनसीएलच्या, म्हणजे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारातलं व्हेंचर सेंटर २००७ पासून विज्ञानातल्या स्टार्टअपांना प्रयोगशाळा आणि उपकरणं पुरवतंय, आयआयटी मुंबईचं ‘साइन’ नावाचं इनक्युबेटर २००४ पासून चालू आहे. अशा लोकांची नावं आपल्या हबमध्ये घेऊ नयेत. मुलं नाहक तुलना करतात.

आता पत्ता. हा विषय जरा नाजूक आहे, आणि म्हणूनच किफायतशीर. कंपनीला नोंदणीकृत कार्यालय लागतं. त्यासाठी जागामालकाचं ना हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल लागतं. ते आपण द्यायचं, वेगळे पैसे घेऊन. करार मात्र ‘सेवा करार’ या नावाचा करायचा, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी करायला नको. कायदा म्हणतो की कंपनीचं नाव आणि पत्ता कार्यालयाबाहेर लावलेला हवा. आपण तीस कंपन्यांची नावं एका ॲक्रिलिकच्या पाटीवर बसवू, लिफ्टच्या मागच्या बाजूला. जीएसटीचा अधिकारी पडताळणीला आला की वॉचमन सांगेल, ‘अशी कुठली कंपनी इथं नाय, साहेब.’ अधिकारी तसा शेरा लिहील, नोंदणी रद्द का करू नये अशी नोटीस निघेल, आणि संस्थापक पुढचे काही आठवडे माल पाठवायचा सोडून खुलासे पाठवत बसेल. रजिस्टर पोस्टानं आलेली पत्रं रिसेप्शनच्या ड्रॉवरमध्ये साठवा. आणि तो जागा सोडतो म्हणाला की त्याच दिवशी ना हरकत पत्र मागे घेतल्याचं कळवा. त्याला बिचाऱ्याला एकाच शहरात हलायचं तरी संचालकांचा ठराव, तीस दिवसांत आयएनसी-२२ नावाचा फॉर्म, शिवाय पंधरा दिवसांत जीएसटीमध्ये पत्ता बदलायचा अर्ज. मुंबईला गेला तर कंपन्यांची नोंद ठेवणारं रजिस्ट्रार कार्यालयच बदलतं, मग त्यावरच्या रीजनल डायरेक्टरची परवानगी. दोन महिन्यांची मुदत देणारं एक वाक्य करारात घातलं असतं तर हे सगळं टळलं असतं. घालू नका.

जे सरकार फुकट देतं ते विकायला विसरू नका. स्टार्टअप इंडियाची मान्यता २०१६ पासून पोर्टलवर मोफत मिळते. सुरुवातीला इनक्युबेटरचं शिफारसपत्र लागायचं. ती अट २०१७ मध्येच गेली. आपलं शिफारसपत्र अजूनही पंधरा हजारांना.

मार्गदर्शक जमवणं सर्वांत सोपं. वेबसाइटवर चाळीस फोटो लावा. त्यातल्या निम्म्यांना आपण तिथं आहोत हे ठाऊक नसलं तरी बिघडत नाही. मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले व्हाइस प्रेसिडेंट असतील तर सोन्याहून पिवळं. ज्यांनी तीस वर्षांत स्वतःच्या सहीनं पगाराचा एकही चेक फाडला नाही, ते पगार पुरवत जगणाऱ्या पोरांना धाडस शिकवतील.

मार्गदर्शकानं चाळीस मिनिटं उशिरा यावं. ती चाळीस मिनिटंही संस्थापकाच्या मीटिंग रूमच्या तासांतून कापावीत.

आल्यावर प्रॉडक्ट न उघडता ‘पिव्होट करा’, म्हणजे धंद्याची दिशाच बदला, म्हणावं.

एका आठवड्यात दहा मार्गदर्शक भेटवा. सोमवारचे म्हणतील किंमत दुप्पट करा, मंगळवारचे म्हणतील वर्षभर फुकट वाटा, बुधवारचे विचारतील की ‘उद्या गूगलनं हे केलं तर?’ शुक्रवारपर्यंत पोरगा स्वतःचं प्रॉडक्ट काय होतं हेही विसरतो. बँकेत किती आहेत हा प्रश्न मात्र कुणी विचारायचा नाही. अठरा लाख शिल्लक, महिन्याला तीन लाख तोटा, म्हणजे हातात सहा महिने. गुंतवणूक उभी करायलाच चार-सहा महिने जातात, म्हणजे शोध आज सुरू व्हायला हवा. हा हिशोब करायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यासाठी ‘लीडरशिप’वरचं भाषण अर्धवट सोडणं काही बरं दिसत नाही.

समजा एखादा म्हणाला की चाकणच्या कंपनीकडं चार महिन्यांचं बिल अडकलंय. त्याला ‘पॅशन’ सांगा. हे सांगू नका की ‘उद्यम’ ही लघुउद्योगाची सरकारी नोंदणी मोफत असते आणि ती माल देण्याआधीच करून ठेवायची असते. की २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्यात जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे. की उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, तेही महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. की वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवायला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत थांबावं लागतं. एवढं सांगूनही पोरगा म्हणेल, ‘सर, तक्रार केली तर ऑर्डर जाईल.’ बरोबर आहे त्याचं. तिथं खऱ्या मार्गदर्शकानं फोन उचलून त्या कंपनीच्या परचेसमधल्या ओळखीच्या माणसाला विचारायचं असतं की फाइल कुणाच्या टेबलावर पडलीय. मार्गदर्शनाचे पैसे कशाचे, तर ह्या फोनचे. ओळखी नसतील तर निदान कलम तरी सांगा! आणि कलमही माहीत नसेल तर त्या खुर्चीत आपण नेमकं कशाला बसलो आहोत?

असो. शांतपणे मुख्य मुद्द्याकडं येऊ: हिस्सा.

करारात लिहायचं की पहिले सहा महिने चार खुर्च्या ‘मोफत’, मार्गदर्शन ‘मोफत’, आणि बदल्यात कंपनीचे सहा टक्के शेअर. हिशोब करू. खुर्ची महिन्याला सात हजार धरली तर चार खुर्च्यांचे सहा महिन्यांचे एक लाख अडुसष्ट हजार. अठरा टक्के जीएसटी तीस हजार दोनशे चाळीस. एकूण एक लाख अठ्ठ्याण्णव हजार दोनशे चाळीस. उद्या कंपनीची किंमत पाच कोटी ठरली तर सहा टक्क्यांचे तीस लाख. पंधरापट. आपण म्हणाल, निम्म्याहून जास्त स्टार्टअप बुडतात, जोखीम आम्ही उचलतो. कुठली जोखीम हो? त्याच करारात ‘मेंटेनन्स’ म्हणून खुर्चीमागं महिन्याला अडीच हजार आहेत, तीन महिन्यांचं डिपॉझिट आहे, आणि सहा महिन्यांनंतर अकरा महिन्यांचं लॉक-इन, म्हणजे जागा सोडायला बंदी, आहे. कंपनी बुडाली तरी डिपॉझिट आपलंच. जोखीम म्हणे.

सहा टक्के एकदम, पहिल्या दिवशी. सल्लागाराच्या शेअरांचा जो नमुना जगभर वापरतात, फाउंडर इन्स्टिट्यूट या अमेरिकन स्टार्टअप-संस्थेचा, २०११ पासूनचा, त्यात नुसत्या कल्पनेवर असलेल्या कंपनीतही सर्वांत तगड्या सल्लागाराला एक टक्का सांगितलाय. तोही दोन वर्षांत हप्त्याहप्त्यानं, आणि पहिल्या तीन महिन्यांत सोडून गेला तर शून्य. इथं सहा टक्के घेऊन मार्गदर्शक तिसऱ्या महिन्यात अमेरिकेला मुलाकडं जातात आणि शेअर राहतात. आपला कायदाही वाचत नाही कुणी. स्वेट इक्विटी (कामाच्या मोबदल्यात शेअर) काय, ईसॉप (पुढे ठरल्या भावानं शेअर घ्यायचा हक्क) काय, कर्मचाऱ्याला किंवा संचालकाला देता येतात. बाहेरच्या सल्लागाराला द्यायचे तर विशेष ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांककानं काढलेला भाव लागतो. ‘मग संचालक व्हा’ म्हटलं की जबाबदारी नको. आणि भाड्याऐवजी शेअर घेतले म्हणून जीएसटी सुटत नाही. वस्तुविनिमयावरही कर लागतोच. तो भरलाय का?

त्यापुढची ओळ तर अशी आहे की ती लिहिणाऱ्याला उठाबशा काढायला लावाव्यात. ‘भविष्यात कितीही गुंतवणूक आली तरी हबचा हिस्सा सहा टक्क्यांखाली येणार नाही.’ अहो, नव्या गुंतवणूकदारानं वीस टक्के घेतले की सगळ्यांचाच हिस्सा पाचवा भाग कमी होतो. सहाचे चार दशांश आठ व्हायला हवेत. तुमचे होणार नाहीत, म्हणजे तो एक दशांश दोनचा खड्डा त्या पोरांच्या खिशातून भरायचा. दुसऱ्या फेरीत परत, तिसऱ्या फेरीत परत. शहाणा गुंतवणूकदार शेअरधारकांची यादी बघतो, ही ओळ बघतो आणि कळवतो की ‘सध्या आमच्या क्षेत्राबाहेर आहे.’ पोरांना कधी कळतच नाही की नकार का आला. शिवाय पाच टक्क्यांच्या वर हिस्सा असला की कमी मुदतीच्या नोटिशीवर सर्वसाधारण सभा घ्यायलाही तुमची संमती लागते, आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, सूट लिहिली नसेल तर. एकवीस दिवसांची नोटीस काढून बसा मग, आणि तेवढ्यात गुंतवणूकदाराचं मन फिरतं.

आता उपरोध पुरे. भाडं घ्या ना! सात घ्या, नऊ घ्या, कोण नको म्हणतंय? जागा तुमची, वीज तुमची, झाडलोट तुमची, त्याचा मोबदला हक्कानं मागा. रिकामी इमारत गळ्यात पडलेले तुम्ही पहिले नाही. १९५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बटाव्हिया गावात जोसेफ मॅन्कुसोसमोर बंद पडलेल्या कारखान्याची अवाढव्य इमारत होती, ती एकगठ्ठा घेणारा कुणी मिळेना. त्यानं तिचे तुकडे करून छोट्या धंद्यांना दिले, ऑफिसच्या सोयी सामायिक ठेवल्या, भांडवल मिळवायला मदत केली, सल्ला दिला. इनक्युबेटरची सुरुवात तिथली धरतात. भाडेकरूंत एक कोंबड्यांचा धंदाही होता. त्या कोंबड्यांचीही तुमच्या पोरांपेक्षा बरी सोय होत असेल.

तुमच्याकडे आलेल्या मुलीनं नोकरी सोडलेली असते, वडिलांच्या पीएफमधून पाच लाख घेतलेले असतात, आणि ती तुम्हाला ‘सर’ म्हणते. ती बावीस पानं ती वाचत नाही, कारण तुम्ही तिला सांगता की ‘हे स्टँडर्ड आहे, सगळे करतात.’ खोटं आहे ते. स्टँडर्ड नाही आणि सगळे करत नाहीत. मार्गदर्शक म्हणून मिरवायचं असेल तर महिन्यातून दोन तास वेळेवर या, बँकेचं स्टेटमेंट उघडायला सांगा, पैसे दिलेल्या पाच ग्राहकांची नावं विचारा, आणि त्यातल्या एकाला तिच्यासमोर फोन लावा. हे जमत नसेल तर वेबसाइटवरचा फोटो उतरवा. आणि सहा टक्क्यांच्या त्या कलमावर सही करायला लावण्याआधी तिला करार घरी नेऊ द्या, सीएला दाखवू द्या. ‘ऑफर आज संध्याकाळपर्यंतच आहे’ हे वाक्य पुन्हा वापरू नका.